रोपं सुकली, रुई हिरवी : पानावरच्या मेणाची गोष्ट

आजचा भाग डोंबिवलीहून, आमच्या पंख्याच्या घरघरीसकट. ट्रान्सक्रिप्ट वाचणारे तेवढे सुटले.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टच्या शेवटी आम्ही ऑफिसातले दहा-बारा जण मलंगगडाच्या बाजूला एका उतारावर रोपं लावायला गेलो होतो. चिखल, वडापाव, सेल्फी, सगळं झालं. ऑक्टोबर हीटमध्ये परत गेलो, तर बहुतेकांच्या नुसत्या काड्या. पाणी घातलं नाही म्हणून मेली, असं म्हणून मी मोकळा झालो असतो. पण शेजारीच रुई हिरवीगार उभी होती. तिला कोण पाणी घालत होतं?

रुईचं पान तुम्ही पाहिलंय. शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर ज्याच्या माळा मिळतात तेच. त्यावरची पांढुरकी पूड बोटाने पुसली जाते, ते मेण. (पुसून बघाल, पण चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.) रुईची मुळंही खोल जातात, त्यामुळे सगळं श्रेय मेणाला नाही. पण मेणाचा वाटा मोठा आहे.

पानाला बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं. पानातून उडणारं नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी तिथूनच जातं. पाणी कमी पडलं की झाड ती मिटून घेतं. मग प्रश्न मिटला? नाही. पाणीकपातीच्या आदल्या रात्री तुम्ही पिंप भरता, नळ घट्ट बंद करता, आणि सकाळी बघता तर पिंपाची तोटी रात्रभर ठिबकत होती. पानाचंही तसंच. रंध्रं मिटल्यावरही सालीतून थोडं थोडं पाणी जातच राहतं. ते ठिबकणं जितकं कमी, तितके दिवस पान तगतं. ते कमी ठेवणं हे मेणाचं काम.

पानाच्या अगदी वरच्या थराला क्युटिकल म्हणतात. त्यात क्युटिन नावाच्या पदार्थाचं जाळं असतं आणि त्या जाळ्यात व त्यावर मेण. मेण म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या, बहुतेक 20 ते 40 अणूंच्या, एकमेकींना चिकटून उभ्या. सकाळी डोंबिवलीच्या फास्ट लोकलच्या दारात माणसं उभी असतात ना, तशा. पाण्याच्या रेणूला मधून घुसायला जागाच नाही. पण तापमान वाढलं की साखळ्या सैल होतात. बऱ्याच झाडांत 35-40 अंशांच्या पुढे गळती झपाट्याने वाढते. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतोच.

इथे माझाही एक गैरसमज होता. जाड थर म्हणजे चांगला थर, असं मला वाटायचं. तसं नाही. वेगवेगळ्या झाडांची क्युटिकल मोजून पाहिली तेव्हा जाडी आणि गळतीचा मेळ बसला नाही. साखळ्या किती दाट बसल्यात ते महत्त्वाचं. अळू बघा. अळवावरचं पाणी घरंगळतं तेही मेणामुळेच, पण तोडलेलं अळू उन्हात तासाभरात मान टाकतं. घरंगळवणारं मेण वरवरचं असतं. आतलं पाणी अडवतं ते, बऱ्याच झाडांत, क्युटिनच्या जाळ्यातलं मेण. येऊरच्या सागाचा हिशेब आणखी वेगळा. तो उन्हाळ्यात पानंच टाकून देतो. ठिबकायला तोटीच नको!

आता आमची रोपं. पान वाढत असतानाच आपलं बहुतेक मेण बनवतं आणि हवा कोरडी असेल तर जास्त बनवतं. आमची रोपं हिरव्या जाळीखाली, दमट सावलीत, दोन वेळ पाणी पिऊन वाढलेली. दिसायला तुकतुकीत, पण मेण जेमतेम. नवी पानं आणि खोल मुळं यायच्या आतच पाऊस संपला. जळगावकडे टिश्यू कल्चरची केळी लावणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. बाटलीतून काढलेलं रोप थेट शेतात नेलं तर जगत नाही, म्हणून आधी काही आठवडे ते हळूहळू बाहेरच्या हवेची सवय करून घेतं. त्याला हार्डनिंग म्हणतात.

यंदा आम्ही पहिल्या पावसातच लावणार आहोत. परवा नर्सरीवाल्या काकांना म्हटलं, महिनाभर जाळीबाहेर उन्हात ठेवलेली रोपं द्या. ते म्हणाले, "ती दिसायला बरी नसतात, कोणी घेत नाही. पडलीत मागे."

म्हटलं, काका, तीच द्या.