शाश्वत मासिक पाळी : शाळेत नेमके काय शिकवावे?

‘कावळा शिवला’ या दोन शब्दांत एके काळी मासिक पाळीचे सारे शिक्षण उरकले जात असे. आता विज्ञानाच्या पुस्तकात पौगंडावस्थेचा धडा असतो, गर्भाशयाची आकृतीही असते. मात्र वापरलेले पॅड पुढे कोठे जाते, हा प्रश्न त्या धड्यात सहसा येत नाही. शाश्वत मासिक पाळीचे शिक्षण याच प्रश्नापासून सुरू होते.

बाजारातील नेहमीच्या पॅडचे वरचे व खालचे थर बहुधा प्लॅस्टिकचे असतात. आतील लगद्यात द्रव शोषून फुगणारी रासायनिक भुकटी असते. एका पाळीला पंधरा ते वीस पॅड धरले, तरी एका मुलीची वर्षाला सुमारे दोनशे होतात. पाळी येणाऱ्या शंभर मुली असलेल्या शाळेत हा आकडा वीस हजारांच्या घरात जातो. हे गणित फळ्यावर मांडले, तर वेगळ्या उपदेशाची गरज उरत नाही.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेले पॅड पाकिटात किंवा योग्य वेष्टनात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकण्यास सांगितले. प्रत्यक्षात ते वर्तमानपत्रात, मग काळ्या पिशवीत बांधून ओल्या-सुक्या कचऱ्यात दडवले जाते आणि वर्गीकरण करणाऱ्या कामगाराच्या हाती उघडते. गोव्यातील अनेक घरांना सेप्टिक टाकी असते. शौचालयात टाकलेले पॅड तेथे फुगून अडकते. शाळेत बसवलेले छोटे दहनयंत्रही सर्वस्वी निर्धोक नव्हे. अपुऱ्या तापमानात प्लॅस्टिक जळाल्यास विषारी वायू बाहेर पडतात.

पर्याय आहेत. डिचोली तालुक्यातील मुळगाव येथे महिलांच्या बचतगटाने पाईन लाकडाच्या लगद्यापासून विघटनशील पॅड तयार केली. तथापि ‘विघटनशील’ याचा अर्थ कोठेही टाकावे आणि ते नाहीसे व्हावे, असा नाही. ओलावा, हवा व सूक्ष्मजीव लाभले तरच ते कुजते. सिलिकॉनचा कप नीट जपल्यास अनेक वर्षे टिकतो. ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ४३ अभ्यासांच्या आढाव्यात तो सुरक्षित पर्याय असल्याचे दिसून आले. पण कप शरीराच्या आत बसवावा लागतो. काही मुलींना ते रुचत नाही, काही घरांत कौमार्याविषयीच्या समजुती आड येतात. शिवाय तो उकळायचा कोणत्या भांड्यात, हा स्वयंपाकघरातला प्रश्न कोणत्याही तक्त्यात नसतो! म्हणून कप हाच उत्तम, असे वर्गात ठरवून टाकणे योग्य नव्हे. माहिती पूर्ण द्यावी, निवड मुलीची असावी.

राहता राहिले कापड. आजीच्या काळचे जुन्या लुगड्याचे कापड आज कापडी पॅडच्या रूपाने परतले आहे. ते स्वस्त आहे, पुन्हा वापरता येते. धोका कापडात नसून ते वाळवण्याच्या पद्धतीत आहे. थंड पाण्यात भिजवून, साबणाने धुऊन ते उन्हात वाळवले पाहिजे. घरोघरी मात्र ते परसातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली झाकून वाळत घातले जाते. गोव्यात पावसाचे चार महिने तर दोरीवरचा साधा रुमालही दमट राहतो. झाकलेल्या कापडाची काय कथा? दमट कापडाने त्वचा चुरचुरते, जंतुसंसर्गाची भीती वाढते आणि मुलगी पुन्हा प्लॅस्टिकच्या पॅडकडे वळते. येथे पर्यावरणाचा मार्ग अडवते ती लाज. पावसाळ्यात ऊन नसेल, तर कापड वाऱ्यावर पूर्ण वाळवून, गरम इस्त्री फिरवून मग घडी करावी, एवढे साधे ज्ञानही कुजबुजीत हरवते.

मुलग्यांना या तासाला मैदानावर पाठवण्याची प्रथा म्हणूनच मोडली पाहिजे. दोरीवर काय वाळत आहे हे ज्याला ठाऊक आहे आणि ज्याला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही, असा भाऊ घरात असेल, तर कापड कोपऱ्यातून उन्हात येण्यास वेळ लागणार नाही.

अर्थात हा तास घेण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी शाळेचे स्वच्छतागृह एकदा पाहून यावे. नळाला पाणी, साबण, झाकणाचा डबा आणि आतून लागणारी कडी यांपैकी एक जरी नसेल, तरी कापड किंवा कप वापरणारी मुलगी त्या दिवशी घरीच राहील.