विश्लेषण : यात्रा थांबली तेव्हा मदत कुणाच्या नावावर आली?

चैत्र पौर्णिमा जवळ आली की हातकणंगले तालुक्यातल्या रस्त्यांवर गुलाल दिसू लागतो. सासनकाठ्या घेतलेले जथे, भाकरी बांधून निघालेले ट्रॅक्टर-टेम्पो, अनवाणी चालणारे भाविक, सगळ्यांचे तोंड वाडी रत्नागिरीच्या जोतिबाकडे. एप्रिल २०२० आणि एप्रिल २०२१ मध्ये हे रस्ते मोकळे होते. कोरोनाकाळातल्या प्रवासबंदीचा हिशेब मांडताना चर्चा झाली ती विमान कंपन्यांची आणि तारांकित हॉटेलांची. पण ज्यांचे वर्ष चार-सहा यात्रा आणि मे महिन्याच्या सुट्टीवर निघते, त्या रिक्षावाल्या, नारळवाल्या, खानावळवाल्यांच्या हाती काय पडले? आणि उद्या पुन्हा सगळे बंद झाले तर काय पडेल?

हातकणंगलेत कसले आले पर्यटन?

हा प्रश्न तालुक्यातले लोकही विचारतात. पर्यटन म्हणजे पन्हाळा, रंकाळा, अंबाबाई. आपल्याकडे ऊस आणि यंत्रमाग, असा समज आहे. पण कुंभोजजवळच्या बाहुबलीच्या डोंगरावर १९६३ मध्ये उभारलेली २८ फुटी संगमरवरी मूर्ती पाहायला महाराष्ट्र-कर्नाटकातून जैन भाविक येतात. आळत्याजवळच्या रामलिंगाला श्रावणात रांग लागते. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत भंडाऱ्याने गाव पिवळे होते आणि फरांडेबाबांची भाकणूक ऐकायला धनगर समाज दूरवरून येतो. हुपरीला चांदी घेण्यासाठी येणारा माणूस देवदर्शनही उरकतो.

शिवाय हा वाटेवरचा तालुका आहे. इचलकरंजीला स्वतःचे रेल्वे स्थानक नाही. मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने येणारा प्रवासी हातकणंगल्याला उतरतो आणि पुढे रिक्षा-वडापने जातो. कोल्हापूर-सांगली रस्ता तालुक्यातून जातो आणि पुणे-बंगळूर महामार्गाचा मोठा टप्पाही. अंबाबाईला जाणारी गाडी किणी-वाठारला चहाला थांबते. कोल्हापूरचे देऊळ बंद झाले की इथल्या चहाचे पातेले उतरते, ते असे.

नेमके किती दिवस बंद होते?

मार्च २०२० च्या तिसऱ्या आठवड्यात अंबाबाई, जोतिबासह मोठी देवस्थाने भाविकांसाठी बंद झाली. २२ मार्चला जनता कर्फ्यू, त्या रात्रीपासून प्रवासी रेल्वे थांबली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी. राज्यात हॉटेल-लॉज ८ जुलै २०२० पासून ३३ टक्के क्षमतेने उघडले, पण जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागत होता. तो सप्टेंबरच्या सुरुवातीला रद्द झाला. उपाहारगृहे ५ ऑक्टोबरपासून निम्म्या क्षमतेने सुरू झाली. मंदिरे उघडली ती दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबर २०२० रोजी.

पुढच्या वर्षी ५ एप्रिलला ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी, उघडली. म्हणजे सुमारे १९ महिन्यांपैकी १४ महिने दारे बंद. उघडे होते ते मधले पाच महिने, तेही बहुतेक हिवाळ्याचे आणि मोठ्या यात्रांना परवानगी नसलेले. जून २०२१ मध्ये राज्याने जिल्ह्यांचे पाच स्तर केले, तेव्हा रुग्णसंख्या उतरत नसल्याने कोल्हापूर चौथ्या स्तरात अडकले. पुण्या-मुंबईत हॉटेलांत माणसे बसू लागली, त्या काळात इथे पार्सलच.

या बंदीच्या दोन्ही टोकांना महापूर आहेत. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले, वाहनांच्या रांगा लागल्या. जुलै २०२१ च्या त्याच पावसात पन्हाळगडावर जाणारा मुख्य रस्ता खचला आणि वाहने बंद झाली. ऑक्टोबरमध्ये देवळे उघडली खरी, पण त्याआधीच्या दोन वर्षांत इथल्या व्यावसायिकाने दोन पूर आणि दोन टाळेबंद्या अंगावर घेतल्या होत्या. राज्यातल्या इतर पर्यटनस्थळांशी कोल्हापूरची तुलना करताना ही गोष्ट सहसा सुटते.

यात्रेचा तोटा वेगळा का?

कारखाना सहा महिने बंद राहिला तर मागणी काही प्रमाणात पुढे सरकते. साडीची खरेदी लांबते. चैत्र यात्रा लांबत नाही. ती त्या पौर्णिमेला झाली नाही की त्या वर्षाची गेली.

दवण्याचे पाहा. जोतिबाला वाहायचा हा सुगंधी पाला काही शेतकरी चैत्रावर नजर ठेवून लावतात. एरवी त्याला बाजार फारसा नाही. मार्च २०२० मध्ये तो शेतात उभा होता आणि डोंगरावर जाणारे कोणी नव्हते. गुलालाची पोती, खोबऱ्याच्या वाट्या, नारळ, पेढ्यासाठी आधीच सांगून ठेवलेला खवा यांचेही तेच. माल फाल्गुनात उधारीवर भरायचा आणि यात्रेच्या चार दिवसांत फेडायचा, हे गणित पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. ते एकदा चुकले तर माणूस सावरतो. लागोपाठ दोन चैत्र चुकले तर व्यापाऱ्याची उधारी फेडायला दागिना मोडावा लागतो.

जोतिबाच्या डोंगरावरच्या गुरव पुजाऱ्यांच्या घरी ठरलेल्या गावांचे भाविक उतरतात. त्या घराला लॉज म्हणता येणार नाही, पण उत्पन्न त्याच धर्तीचे आहे. पुढे मदतीच्या योजना आल्या तेव्हा अशा घराला कोणत्या रकान्यात बसवायचे हे कुणालाच सांगता आले नसते.

मग मदत काय आली?

बरीच आली, असे कागदावर दिसते. केंद्राने मे २०२० मध्ये तीन लाख कोटींची आपत्कालीन कर्जहमी योजना जाहीर केली. ३१ मार्च २०२१ रोजी तिची तिसरी आवृत्ती हॉटेल, प्रवास आणि पर्यटन व्यवसायांसाठी आली : २९ फेब्रुवारी २०२० ला जेवढे कर्ज शिल्लक होते, त्याच्या ४० टक्क्यांपर्यंत नवे कर्ज, सहा वर्षांची मुदत, पहिली दोन वर्षे मुद्दलाला सवलत. २०२२ च्या अर्थसंकल्पात एकूण हमी पाच लाख कोटींवर गेली आणि वाढीव ५० हजार कोटी आतिथ्य व संबंधित व्यवसायांसाठी राखले गेले. रिझर्व्ह बँकेने जून २०२१ मध्ये हॉटेल, पर्यटन, प्रवास अशा क्षेत्रांना कर्ज देण्यासाठी बँकांना १५ हजार कोटींची खिडकी उघडून दिली.

२८ जून २०२१ रोजी खास पर्यटनासाठी कर्जहमी जाहीर झाली. प्रवास कंपन्यांना १० लाख रुपयांपर्यंत, परवानाधारक गाइडना एक लाखापर्यंत, तारण नाही, प्रक्रिया शुल्क नाही. अटी चांगल्या होत्या. पण गाइड होते केंद्र व राज्य सरकारांची मान्यता असलेले सुमारे १०,७०० आणि प्रवास व्यावसायिक हजाराच्या आसपास. साऱ्या देशात!

राज्याने हॉटेल व्यवसायाला उद्योगाचा दर्जा दिला. १ एप्रिल २०२१ पासून पर्यटन विभागाकडे नोंदलेल्या हॉटेलांना वीज, पाणी, मालमत्ता कर औद्योगिक दराने, असा तो निर्णय. पर्यटक वाहने, मालवाहू वाहने आणि शालेय बसना एप्रिल ते सप्टेंबर २०२० या सहा महिन्यांचा वाहनकर माफ झाला. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या टाळेबंदीसोबत जाहीर झालेल्या पॅकेजमध्ये परवानाधारक रिक्षाचालक आणि नोंदणीकृत फेरीवाल्यांना प्रत्येकी १,५०० रुपये होते. ऑगस्टमध्ये लोककलावंतांसाठी एकरकमी ५,००० रुपयांचा निर्णय झाला. फेरीवाल्यांसाठी केंद्राची स्वनिधी योजना जून २०२० पासून होतीच : १० हजारांचे खेळते भांडवल, वेळेत फेडले तर सात टक्के व्याज परत.

पैसा अडला कुठे?

वरचे परिच्छेद पुन्हा वाचा. जवळपास प्रत्येक योजनेत एक शब्द सारखा येतो : नोंदणीकृत, मान्यताप्राप्त, परवानाधारक. आणि जिथे तो नाही तिथे ‘शिल्लक कर्ज’ आहे.

४० टक्के कशाचे? बँकेतल्या शिल्लक कर्जाचे. ज्याने बँकेचे कर्ज कधी घेतलेच नाही, त्याला शून्याचे ४० टक्के मिळणार. कोल्हापूर जिल्ह्यात छोटा व्यावसायिक बँकेपेक्षा गल्लीतल्या पतसंस्थेकडे जातो. पिग्मी भरतो आणि गरजेला उचल घेतो. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत, त्या राज्याच्या सहकार खात्याखाली असतात. त्यामुळे मार्च ते ऑगस्ट २०२० ची हप्ते स्थगिती बँका आणि वित्त कंपन्यांना लागू झाली, पण पतसंस्थेच्या कर्जदाराला ती हक्काने मागता येत नव्हती. बँकेच्या कर्जदारालाही स्थगितीतले व्याज चुकले नाहीच. व्याजावरचे व्याज तेवढे आकारू नका, असे सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२१ रोजी सांगितले. संपूर्ण व्याजमाफी नाकारली.

रिक्षाचे १,५०० रुपये परवान्याच्या मालकाला. दिवसाच्या भाड्यावर दुसऱ्याची रिक्षा फिरवणारा रांगेत नव्हता. स्वनिधी शहरी फेरीवाल्यांसाठी. गावच्या जत्रेत पाल ठोकणारा आणि आज नरसोबाची वाडी, उद्या पट्टणकोडोली असा फिरणारा खेळणीवाला कोणत्या नगरपालिकेच्या यादीत असणार? प्रसादाच्या दुकानदारांची अडचण आणखी निराळी. किरकोळ व्यापार २ जुलै २०२१ पर्यंत सूक्ष्म-लघु उद्योगांच्या व्याख्येतच नव्हता. तोवर दुसरी लाटही येऊन गेली होती.

सरकारची बाजूही आहे. पैसे वाटायचे तर यादी लागते, नाहीतर बोगस नावे घुसतात. हे खरेच. पण यादी आपत्तीच्या आधी करायची असते. ती आपत्तीच्या मध्यावर करायला घेतली की ज्याच्याकडे कागद आहेत आणि फॉर्म भरून देणारा ओळखीचा आहे, तोच पुढे जातो.

बाहेरच्या देशांनी काय केले?

जपानने जुलै २०२० मध्ये देशांतर्गत प्रवासावर मोठी सवलत दिली. रुग्ण वाढल्यावर डिसेंबरअखेर ती थांबवावी लागली. आइसलँडने प्रत्येक प्रौढ नागरिकाला देशात फिरण्यासाठी ५,००० क्रोनांचे व्हाउचर दिले. ही दोन्ही उदाहरणे आपल्याकडे फार सांगितली जातात, पण ती जोतिबाला लागू पडत नाहीत. तिथे गिऱ्हाईक कमी होते. इथे गिऱ्हाईक तयारच होते, गर्दी हाच धोका होता.

जवळचे उदाहरण फार लांबचे आहे. कॅनडाच्या उत्तर टोकाला असलेल्या युकॉनमध्येही पर्यटन मोजक्या महिन्यांचे. तिथल्या सरकारने व्यवसायांच्या भाडे, वीज, विमा अशा ठरलेल्या खर्चाचा मोठा वाटा अनुदान म्हणून उचलला. हंगाम बुडाला तरी दुकान मोडायला लागू नये, एवढाच हेतू. आपल्याकडे असे काही झाले असते तर यात्रेतल्या दुकानाचे गाळाभाडे आणि प्रवासी गाडीचा विमा हे दोन खर्च आधी उचलावे लागले असते. गाडी दारात उभी असली तरी विमा भरावाच लागतो.

आता काय करून ठेवता येते?

निर्बंध एप्रिल २०२२ च्या सुरुवातीला उठले आणि त्याच महिन्यात जोतिबाची चैत्र यात्रा दोन वर्षांनी भरली. गर्दी परतली, तसा हा विषय मागे पडला. नोंदणीच्या वाटा मात्र त्यानंतर काहीशा सोप्या झाल्या आहेत.

जीएसटी क्रमांक नसलेल्या अगदी छोट्या व्यवसायांसाठी जानेवारी २०२३ पासून ‘उद्यम असिस्ट’ आहे. त्यात बँक किंवा वित्त संस्थेमार्फत नाव नोंदवता येते. दुसऱ्याची रिक्षा चालवणारे, खानावळीत राबणारे, जत्रेत हमाली करणारे अशा असंघटित कामगारांसाठी ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रम कार्ड आहे. वयाची अट १६ ते ५९. स्वनिधीला ऑगस्ट २०२५ मध्ये ३१ मार्च २०३० पर्यंत मुदतवाढ मिळाली, पहिला हप्ता १५ हजारांवर गेला आणि योजना जनगणना शहरे व शहरालगतच्या भागांपर्यंत वाढवली गेली. मोठ्या गावांतल्या विक्रेत्यांनी आपले गाव त्यात बसते का, हे विचारून घ्यावे. शेतावर पाहुणे उतरवणाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२० चे कृषी पर्यटन धोरण आहे. किमान एक एकर जमीन हवी आणि नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते.

उद्यम आणि ई-श्रम या दोन्ही नोंदण्या सरकारच्या संकेतस्थळांवर मोफत होतात. आधार, आधारला जोडलेला मोबाइल आणि बँक खात्याचा तपशील जवळ ठेवा. नोंदणीची फी म्हणून कोणी हजार-पाचशे मागत असेल तर देऊ नका.