हँडीकॅममधली मुंज हार्ड डिस्कवर नेताना

मिनीडीव्ही कॅसेट १९९५ साली आली. तिची फीत जेमतेम ६.३५ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला दोन सेंटिमीटरही सरकत नाही. पण फीत ज्या ड्रमला वेढून जाते, तो मिनिटाला ९,००० वेळा फिरतो. त्याच्यावरची दोन हेड फितीवर सेकंदाला ३०० तिरके पट्टे उमटवतात. आपल्याकडच्या ‘पाल’ पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे एका चित्राला १२ पट्टे. केसाहून बारीक अशा या पट्ट्यांवर आपल्या घरांतली कितीतरी बारशी आणि मुंजी साठवलेल्या आहेत, आकड्यांच्या रूपात.

आकडे जसेच्या तसे उतरवून घेता येतात, म्हणून पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची केबल इथे वापरू नये. ती आकड्यांचं पुन्हा ॲनालॉग चित्र करते आणि लॅपटॉपला ते नव्याने मोजावं लागतं. या फेऱ्यात चित्र बिघडतंच. कॅमेऱ्याच्या यूएसबीवरही विसंबू नये, अनेक मॉडेलांत ती फक्त फोटोंसाठी असते. खरी वाट फायरवायर या केबलची. नव्या लॅपटॉपला तो पोर्ट नसतो, त्यामुळे एखादा चालू स्थितीतला जुना लॅपटॉप मिळाला तर तो मोलाचा.

फायरवायर सेकंदाला ४०० मेगाबिट वाहून नेते, डीव्हीला त्याचा दहावा हिस्साही लागत नाही. तरीही तासाच्या कॅसेटला तासच लागतो, कारण फीत तिच्याच गतीने चालते. शिवाय कॅमेरा कोणासाठी थांबत नाही. व्हिडिओसाठी राखलेल्या वेळात जे पाठवलं ते पाठवलं. लॅपटॉपकडून काही निसटलं तर ते पुन्हा मागण्याची सोयच या पद्धतीत नाही. अँटिव्हायरसने मध्येच डोकं वर काढलं की तेवढी चित्रं गेली.

म्हणून आधी लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर उतरवावं, तेही बाकी सगळं बंद ठेवून. तिथून एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर जाणारी असते ती फाइल. ती पुन्हा पाठवता येते, दोन्हीकडचे चेकसम, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांवरून काढलेल्या खुणा, जुळवून खात्री करता येते. हार्ड डिस्क मात्र आधी तपासावी. तासाभराचं चित्रण सुमारे १३ जीबी भरतं आणि फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क ४ जीबीहून मोठी फाइल घेत नाही. वीस मिनिटांहून कमी चित्रणातच ही मर्यादा भरते. एक्सफॅट किंवा एनटीएफएस असावी. जागा वाचवण्यासाठी लहान एमपी४ करायची तर जरूर करावी, पण मूळ डीव्ही फाइल पुसू नये.

पावसाळी हवेत फितीवर बुरशी धरते. पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट कॅमेऱ्यात घालूच नये. बुरशी हेडला चिकटते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटही वाचता येईनाशा होतात. अशी कॅसेट आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी. चांगल्या कॅसेटी मात्र आत्ताच उतरवायला घ्याव्यात, घरातला हँडीकॅम सुरू होतोय तोवर.