ऑनलाइन धंदा : उमेद टिकवायची तर परतीचा हिशेब ठेवा

दुकानाला पागडी नाही, भाडे नाही आणि मोबाइल हातात आहे, म्हणून शिरूर व दौंडमधील तरुण आणि घरी शिलाई करणाऱ्या भगिनी ऑनलाइन विक्रीकडे वळत आहेत. मीशो कंपनी २०१५ साली सुरू झाली, व्हॉट्सॲपचे व्यापाऱ्यांसाठीचे वेगळे ॲप २०१८ साली आले आणि थोड्या भांडवलावर कापड विकण्याची वाट खुली झाली. ही चांगलीच गोष्ट आहे. पण सुरुवात करणारे पुष्कळ आणि टिकणारे थोडे, असे आम्ही कापडाच्या धंद्यात पाहतो. काही महिन्यांत हिंमत खचते आणि घरची बचत मालात अडकून पडते. लोक म्हणतात, "आता मन लागत नाही." आमच्या मते यात मनाचा दोष कमी आणि वहीचा जास्त आहे.

एक हिशेब मांडून पाहू. ड्रेस मटेरियलची खरेदी ४५० रुपये, विक्री ६५० रुपये. पार्सलचा खर्च ७० आणि पॅकिंगचा १० धरला, तर नगामागे १२० रुपये सुटतात. दहा नगांचे १,२०० व्हावेत. पण माल पोहोचल्यावर पैसे देण्याच्या पद्धतीत तीन पार्सले परत आली आणि परतीचेही प्रत्येकी ७० रुपये लागले, तर हाती राहतात फक्त ३९०. परत एकच आले असते, तर ९३० राहिले असते. मेहनत तेवढीच, पण नफा अडीच पटीच्या जवळपास! ज्याला हे ठाऊक नाही, तो नशिबाला बोल लावतो. ज्याला ठाऊक आहे, त्याला उद्या काय सुधारायचे ते कळते. उमेद तिथूनच येते.

म्हणून पार्सल पाठवण्यापूर्वी गिऱ्हाइकाला फोन करून पत्ता आणि माप पक्के करावे. फोटो दिवसाच्या उजेडात काढावा. कापडाचे नाव व लांबी खरी लिहावी. मिश्र धाग्याला शुद्ध सुती म्हणू नये. रोज रात्री वहीत चार आकडे लिहावेत : किती पाठवले, किती परत आले, किती पैसे जमा झाले, जुनी गिऱ्हाइके किती आली. घरखर्चाचे आणि धंद्याचे बँक खाते वेगळे असावे.

वाढ जवळून करावी. दौंड हे जंक्शन सोलापूरच्या मार्गावर आहे. तिथल्या चादरी, टॉवेल थेट आणता येतात. शिरूरजवळ रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या कामगार कुटुंबांना रोजच्या वापराचे कपडे लागतात. जवळचे पार्सल लवकर पोहोचते आणि तक्रार लवकर मिटते. कायद्याच्या दृष्टीनेही हेच सोयीचे आहे. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन कंपनीमार्फत आपल्याच राज्यात माल विकण्यासाठी जीएसटी नोंदणीची सक्ती नाही; पॅनच्या आधारे नावनोंदणी क्रमांक मात्र घ्यावा लागतो. परराज्यात माल पाठवण्यापूर्वी करसल्लागाराला विचारून नोंदणीचे काम पुरे करावे. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. तिच्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत.

शिरूरच्या आणि दौंडच्या दोघांनी मिळून घाऊक माल उचलला तर भावही बरा मिळतो. मात्र भागीदारी तोंडी नको, कागदावर हवी.

शेवटची गोष्ट वेळेची. दुकानाला कुलूप लागते, मोबाइलला लागत नाही. रात्री बारा वाजता भाव सांगत बसणारा माणूस लवकर थकतो. उत्तर देण्याची वेळ ठरवून गिऱ्हाइकांना कळवावी. दुसऱ्याच्या विक्रीचे फोटो पाहून जीव जाळू नये; आपल्या मागच्या महिन्याशी तुलना करावी. वाचक बंधू-भगिनींनी आज रात्रीच मागच्या महिन्याची परतीची पार्सले मोजावीत आणि प्रत्येकापुढे परतीचे कारण लिहावे. पुढच्या महिन्याचे काम त्या यादीतच सापडेल.