शालेय दुरुस्तीसाठी बॅटरीवरील हत्यारे : निवड, वापर व दक्षता

खेड्यातील प्राथमिक शाळेत दुरुस्तीचे काम कधी संपत नाही. बाकाची फळी निखळते, पावसाळ्यात दार फुगून चौकटीला अडते, भिंतीवरचा फळा ढिला होतो. नेवासा तालुक्यातील वाडीवस्तीवरच्या शाळेस सुतार वेळेवर मिळेलच असे नाही. दुरुस्तीच्या वेळी वीज असेलच, असेही नाही. अशा शाळेस बॅटरीवर चालणारे ड्रिल पुष्कळ उपयोगी पडते. तथापि सोय वाढली म्हणून धोका कमी होत नाही. शाळेतील हत्यार मुलांच्या हाताशी असते, हे ध्यानात ठेवूनच त्याची निवड व वापर झाला पाहिजे.

काम आधी, हत्यार मागाहून

हत्यार घेण्यापूर्वी शिक्षकाने शाळेतील वर्षभराच्या कामांची यादी करावी. बहुतेक यादीत स्क्रू काढणे, बसविणे व लाकडास भोके पाडणे एवढेच निघेल. त्यास एक साधे ड्रिल पुरे आहे. विटांच्या किंवा दगडी भिंतीस भोक पाडावयाचे असेल, तर ठोका देणारे हॅमर ड्रिल व कार्बाइडच्या टोकाचे बिट लागते. फळ्या कापण्याचे काम वरचेवर निघत असेल तरच जिगसॉचा विचार करावा. एरव्ही हातकरवत बरी.

बॅटरीचे गणित

पेटीवरील मोठा आकडा पाहून फसू नये. या हत्यारांत लिथियम-आयन जातीचे सेल असतात. एका सेलचा दाब सरासरी ३.६ व्होल्ट, तर पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. असे पाच सेल एकापुढे एक जोडले म्हणजे सरासरी १८ व भरल्यावर २१ व्होल्ट होतात. यास्तव एका पेटीवर १८, दुसरीवर २० व तिसरीवर २१ छापलेले असले, तरी तिन्ही बॅटऱ्या बहुधा एकाच दाबाच्या असतात.

बॅटरीत साठा किती, हे केवळ व्होल्टवरून समजत नाही. व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणावे. १८ व्होल्ट व २ अँपिअर-तासांची बॅटरी ३६ वॅट-तासांची होते. उसाच्या किंवा कांद्याच्या शेतात मुलांनी पाहिलेल्या फवारणी पंपात १२ व्होल्ट व ८ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी असेल, तर तिचा साठा ९६ वॅट-तास भरतो. दाब कमी, पण साठा अधिक! सातवीच्या वर्गास गुणाकाराचे याहून जिवंत उदाहरण क्वचितच मिळेल. मात्र पंपाचा चार्जर ड्रिलच्या बॅटरीस कदापि लावू नये. दोहोंची जात भिन्न आहे. चुकीच्या चार्जरने लिथियमची बॅटरी तापून पेट घेऊ शकते.

एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या हत्यारास सहसा बसत नाही. म्हणून जिची बॅटरी व चार्जर तालुक्याच्या गावी मिळतो, तेच हत्यार घ्यावे. उन्हाळ्याच्या सुट्टीत बॅटरी पत्र्याच्या खोलीत तापत ठेवू नये. अर्धी भरून थंड, कोरड्या जागी ठेवावी. फुगलेली बॅटरी वापरू नये, कचऱ्यात टाकू नये व जाळू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ती संकलन केंद्राकडेच गेली पाहिजे.

पाते व चकती

लाकडास मोठ्या व विरळ दातांचे, तर लोखंडास बारीक व दाट दातांचे पाते लागते. कापावयाच्या जाडीत सुमारे तीन दात मावले पाहिजेत, हा साधा नियम होय. १२ मिलिमीटरच्या प्लायवूडला इंचास १० दातांचे पाते चालते. ३ मिलिमीटरच्या लोखंडी पट्टीस इंचास २४ ते ३२ दात लागतात. विरळ दात पातळ पत्र्यात अडकतात, पत्रा उसळतो आणि हात कापतो.

येथे एक गोष्ट निक्षून सांगणे अवश्य आहे. ग्राइंडरवर लाकडाची दातेरी चकती चढवून फळ्या कापण्याची रीत अत्यंत घातक आहे. लहान ग्राइंडर मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेतो. चकती लाकडात अडकली, की यंत्र हातातून उसळून अंगावर येते. प्राथमिक शाळेने ग्राइंडर ठेवूच नये. लोखंड कापण्याचे काम गावातील वेल्डिंगवाल्याकडे द्यावे.

मुलांचा वाटा

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापिला. हाताने काम करीत शिकण्याचा तेथील अभ्यासक्रम पुढे अनेक माध्यमिक शाळांत गेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या सहवासात शिकण्याची कल्पना मांडली आहे. परंतु काम शिकविणे म्हणजे लहान मुलाच्या हाती फिरते पाते देणे नव्हे. प्राथमिक शाळेत मुलांनी मोजावे, खुणा कराव्यात, हिशोब मांडावा, साध्या स्क्रू ड्रायव्हरने स्क्रू आवळावेत. यंत्र शिक्षकाने किंवा कारागिरानेच चालवावे. मुलांनी दोन-तीन मीटर दूर उभे राहून पाहावे.

यंत्र चालविणाऱ्याने डोळ्यांवर चष्मा लावावा, पदर किंवा ओढणी खोचावी, केस बांधावेत. ड्रिल चालविताना हातमोजे घालू नयेत. ते बिटात गुंततात. फळी हाताने न धरता शिकंजात आवळावी.

तारेचे यंत्र बंद करताना मनुष्य पिन उपसतो, आणि वीज गेली हे डोळ्यांना दिसते. बॅटरीच्या यंत्रास तार नसल्यामुळे ते निर्जीव भासते. पण बॅटरी आत असेतोवर बोट घोड्यावर पडण्याचाच अवकाश असतो. म्हणून पाते किंवा बिट बदलण्यापूर्वी बॅटरी काढावी. काम संपताच ती काढून हत्यार एका कपाटात व बॅटरी दुसऱ्या कपाटात कुलपाखाली ठेवावी. शिक्षकाने ही कृती दररोज मुलांदेखत करावी. दुरुस्त झालेला बाक काही वर्षांनी पुन्हा मोडेल. परंतु नित्य पाहिलेली ही सवय मुलाच्या हाताचे जन्मभर रक्षण करील.