मोकळ्या जागेचा तोल

जपानी काष्ठमुद्राचित्रातील पक्षी प्रथमच पाहणाऱ्याला एक गोष्ट चमत्कारिक वाटते. फांदी कुठून आली, ते कळत नाही. ती कागदाच्या कडेतून आत शिरते, दोन-चार पाने, एखादे फूल आणि एक पक्षी यांचा भार सांभाळते आणि मध्येच थांबते. झाड नाही, जमीन नाही, क्षितिजही नाही.

या प्रकाराला जपानीत ‘काचो-गा’, म्हणजे फूल-पक्षी चित्र म्हणतात. १८३०च्या दशकात हिरोशिगेने (१७९७-१८५८) अशी चित्रे मोठ्या संख्येने केली. त्यांतील बरीच ‘तांझाकु’ आकारात आहेत. तांझाकु ही मुळात कविता लिहिण्याची उभी, चिंचोळी पट्टी. चित्रासाठी तिचा एक प्रचलित आकार सुमारे ३८ सेंटिमीटर उंच आणि १३ सेंटिमीटर रुंद असे. एवढ्या जागेत झाड मावणार कसे? म्हणून झाड चौकटीबाहेर ठेवायचे, फांदी तिरकी आणायची आणि उरलेले पाहणाऱ्याच्या मनावर सोपवायचे. पूर्णचंद्रासमोरून खाली झेपावणारे तीन हंसपक्षी हे हिरोशिगेचे चित्र १९४९मध्ये जपानच्या टपाल तिकिटावर आले. त्यात तर फांदीही नाही. पक्ष्यांची उतरती ओळ हीच चित्राची तिरकी रेषा.

रिकाम्या जागेला जपानीत ‘योहाकु’ म्हणतात. शब्दशः ‘उरलेले पांढरे’. आम्हा उपसंपादकांना पानात मोकळी जागा राहिली की जाहिरात निसटल्याची धास्ती वाटते! येथे मात्र ती उरलेली नसते, आधीच योजलेली असते. एका बाजूला पक्षी असेल, तर दुसऱ्या बाजूला उभ्या अक्षरांत कविता येते आणि त्या अक्षरांचे वजन पक्ष्याला तोलून धरते.

होकुसाईची रीत वेगळी. १८३४च्या सुमाराच्या त्याच्या एका चित्रात चेरीची डहाळी वरून खाली लोंबते आणि तिच्यावरचा चिमुकला पक्षी चक्क उलटा लटकतो. फांदीबरोबर खाली घसरणारी नजर त्या पक्ष्यापाशी अडते. मागे पांढरा कागद नाही, गडद निळा रंग आहे. त्या काळी परदेशातून येणारा प्रशियन निळा रंग जपानी छापखान्यांत नुकताच रुळत होता. रिकामी जागा पांढरीच हवी, असा नियम नव्हता.

ही जागा एकट्या चित्रकाराची निर्मिती नसे. तो रेखाटन करी, कोरक्या ते लाकडी ठोकळ्यांवर कोरी आणि मुद्रक छापी. आकाशाचा रंग वरून खाली विरळ होत जावा, म्हणून मुद्रक ठोकळ्यावरचा रंग प्रत्येक प्रतीसाठी नव्याने लावून हाताने पुसट करी; यालाच ‘बोकाशी’ म्हणतात. पांढऱ्या पक्ष्याच्या पिसांसाठी काही वेळा रंगच वापरत नसत. रंग न लावलेल्या कोरीव ठोकळ्यावर कागद दाबून नुसता उठाव आणत. असे चित्र हातात घेऊन उजेडात तिरके धरले की पिसे दिसू लागतात. मोबाइलच्या पडद्यावर तिथे फक्त पांढरा कागद दिसतो.