रक्ताची उशिराची साक्ष

१८७८ साली खालसा झालेल्या पेठ संस्थानाचा मुलूख आज नाशिक जिल्ह्याचा एक तालुका म्हणून नांदत असला, तरी सावळघाट आणि कोटंबी घाट यांचा पहारा काही उठलेला नाही. म्हणूनच दोन दिवसांच्या तान्ह्याने एकाएकी अंगावर पिणे सोडले, की जो प्रश्न नाशकात प्रयोगशाळेकडे धाडता येतो, तो इथल्या पाड्यावर प्रथम आईच्या नजरेलाच सोडवावा लागतो.

बाळाला जंतुदोष झाला आहे काय, हा तो प्रश्न. थोरामाणसाला ताप भरतो; तान्ह्याचे अंग उलट गार पडू शकते, आणि नुसते उघडे राहिलेले मूलही तसेच मलूल दिसते. रक्तातले जंतू वाढवून पाहण्यास एकदोन दिवस लागतात, आणि रक्तच इतके थोडे मिळते की जंतू असूनही पुष्कळदा हाती लागत नाहीत. तेव्हा वैद्यकाने जंतूंऐवजी शरीराने त्यांना दिलेल्या उत्तराचा माग काढला. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना, न्यूमोनियाच्या जंतूतील ‘सी’ नामक द्रव्याशी संयोग पावणारा एक पदार्थ रुग्णांच्या रक्तद्रवात आढळला; तेच आजचे सीआरपी. हे प्रथिन यकृतात तयार होते, पण संसर्गाची वर्दी पोचल्यावर ते वाढू लागण्यास सहा ते बारा तास जातात, त्यामुळे आजार ऐन सुरुवातीस असताना हा साक्षीदार कचेरीत हजरच नसतो. प्रोकॅल्सिटोनिन हे रक्तातले असेच दुसरे द्रव्य त्याहून चपळ खरे. मात्र जन्मानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत ते निरोगी बाळातही आपोआप चढते. एवंच, एका आकड्यावर हुकूमनामा काढण्यात अर्थ नाही. चोवीस तासांच्या अंतराने केलेल्या दोन्ही तपासण्यांत सीआरपी लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत राहिले आणि मूल तरतरीत असले, तर प्रतिजैविके थांबविता येतात. दोषी पकडण्यापेक्षा निर्दोषाला सोडविण्यात या चाचणीचे मोल अधिक, असे मला वाटते.

प्रयोगशाळेविना काय साधते, हे डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत दाखविले: क्षीण रडणे, ओढून न पिणे, हातपाय ढिले पडणे यांसारख्या लक्षणांवरून जंतुदोष ओळखून गावच्याच आरोग्यसेविकांनी इंजेक्शने दिली, आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार शंभर आजारी अर्भकांमागे सोळासतरा दगावत, तिथे तीनाहून कमी दगावू लागली.

पेठच्या पाड्यांवर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी बाळाला पाहावयास जाते, तेव्हा सुई तिच्याजवळ नसते. पण दुसऱ्या तपासणीत डॉक्टर जे ताडून पाहतो, तेच तीही विचारते : बाळ कालच्याइतकं पितंय ना?